शांति म्हणजे अबोला नव्हे

आमच्या दर्यापुरास पाहुणा आला कीं त्यास पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा. चंद्रभागेच्या कांठचें हें तालुक्याचें गांव पूर्णेच्या खोऱ्यांत, म्हणजे ज्यास ‘खारपाणपट्टा’ म्हणतात त्याच्या ऐन पोटांत वसलेलें आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारें ९०० गांवें या पट्ट्यांत मोडतात. येथें विहिरीस पाणी लागतें, पण तें जिभेवर धरवत नाहीं. आणि तेंच पाणी कोणीं हौसेनें शेतास दिलें, तर लोण्यासारखी काळी जमीन कांहीं वर्षांत अशी घट्ट बसते कीं तिच्यांत पुढें पावसाचेंहि पाणी मुरत नाहीं. अशा जमिनीस ‘चोपण’ म्हणतात. म्हणून येथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे पाहूनच कपाशी, तूर आणि ज्वारी पिकवीत आला. आतां शहानूर धरणाचें गोडें पाणी नळानें घरांत येतें. तरी ‘खार’ हा शब्द उच्चारला कीं आमच्या डोळ्यांपुढें स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी न येतां पांढरी पडलेली जमीनच उभी राहते.

मत्तयकृत शुभवर्तमानांत येशू ख्रिस्त आपल्या शिष्यांस पृथ्वीचें मीठ म्हणतो, हें स्थळ आम्हीं प्रथम वाचलें तेव्हां याच कारणानें पुस्तक मिटून ठेवलें. ज्यानें मिठानें नासलेलीं शेतें पाहिलीं आहेत, त्यास ही उपमा आशीर्वादापेक्षां शापासारखी वाटली, तर त्यांत नवल काय?

हें पुस्तक आमच्या हातीं कसें आलें तें सांगितलें पाहिजे. आमचे एक ख्रिस्ती सहशिक्षक होते. चौदा वर्षें आम्हीं एकाच शाळेंत शिकविलें. त्यांचा विषय गणित, आमचा संस्कृत. इतक्या वर्षांत धर्माविषयीं आमच्यांत चार वाक्यांपलीकडे बोलणें झालें नसेल. निवृत्तीच्या दिवशीं इतरांनीं शाल व श्रीफळ दिलें, यांनीं खाकी कागदांत गुंडाळलेला ‘नवा करार’ दिला आणि म्हणाले, “गुरुजी, वाचायलाच पाहिजे असं नाही. घरात असू द्या.” आम्हीं तो आदरानें घेतला, आणि ज्ञानेश्वरी व गीता ज्या फळीवर असतात तिच्या खालच्या फळीवर ठेवला. दोन वर्षें तो तेथेंच होता. पुढें एका पावसाळ्यांत पाय मुरगळून महिनाभर ओसरीवर बसावें लागलें. घरांतील वाचण्याजोगें सर्व वाचून झालें, तेव्हां खालच्या फळीकडे हात गेला.

मिठाची शंका आम्हीं त्यांसच विचारली. ते हंसून म्हणाले, “तुमच्या घरी आमटीत मीठ किती घालतात?” आम्ही म्हणालों, “चिमूटभर.” “आणि घागरभर घातलं तर?” आम्हांस उत्तर द्यावें लागलें नाहीं. अन्नास चव आणणारें आणि जमीन मारणारें मीठ एकाच जातीचें; भेद केवळ प्रमाणाचा. आमटींतील मीठ विरघळून जातें, डोळ्यांस दिसत नाहीं, पण त्याच्यावांचून घांस गिळवत नाहीं. शेतावरचें मीठ पांढऱ्या थरासारखें वर दिसतें, आणि जेथें तें दिसतें तेथें कांहीं उगवत नाहीं. मार्काच्या शुभवर्तमानांत तर मीठ आणि शांति यांची गांठच घातली आहे: आपल्या अंगीं मीठ असूं द्यावें आणि एकमेकांशीं शांतीनें राहावें, असा उपदेश तेथें आहे. धर्माचेंहि असेंच आहे, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें. तो मनुष्याच्या वागण्यांत विरघळला तर अन्नासारखा पोषक. तो पृष्ठभागावर थर धरून बसला तर चोपण.

सुज्ञ वाचकांस येथें शंका येईल कीं, एका परक्या धर्माच्या, दोन हजार वर्षांच्या जुन्या ग्रंथाची आठवण आमच्यासारख्या संध्यावंदन करणाऱ्या मनुष्यानें या मासिकांत कां करून द्यावी? प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं हा ग्रंथ मराठीस परका राहिलेला नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, त्यानें आमची भाषा आत्मसात् केली, आणि बायबलांतील कथा ओवीबद्ध करून ‘क्रिस्तपुराण’ रचलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें पुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें. तुकोबा तेव्हां बाल होते! पुढें बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम कॅरी यानें वैद्यनाथ नांवाच्या पंडिताच्या साह्यानें मराठी भाषांतर चालविलें. १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान आणि १८११ मध्यें संपूर्ण नवा करार मराठींत प्रसिद्ध झाला. म्हणजे छापील मराठी गद्याच्या पाळण्याशींच या ग्रंथाचा संबंध आहे.

परंतु चिमूट आणि थर यांतील भेदहि याच इतिहासांत दिसतो. ज्या गोव्यांत स्टीफन्स मराठीची स्तुति करीत ओव्या रचीत होता, त्याच गोव्यांत १५६० पासून ‘इन्क्विझिशन’ नांवाचें धर्मन्यायासन बसलेलें होतें, आणि मधला थोडा काळ वगळतां तें १८१२ पर्यंत चाललें. लोकांच्या घरांत शिरून त्यांचे आचार, त्यांचा पेहराव, इतकेंच नव्हे तर स्वयंपाकाच्या रीतीहि तपासणारें तें न्यायासन शत्रूवरहि प्रीति करावयास सांगणाऱ्या ग्रंथाचेंच नांव घेत होतें. दूर कशास जा? २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली. दोन्ही देशांतील बहुसंख्य लोक याच ग्रंथास वंद्य मानणारे आहेत. म्हणून ‘या ग्रंथानें जगांत शांति नांदली’ असें विधान आम्ही करणार नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. ग्रंथ आपोआप शांति देत नाहीं. तो विचारतो एवढेंच, आणि त्याच्या प्रश्नास जो उत्तर देतो त्याच्यापुरती शांति होते.

आमच्या समाजांत या ग्रंथाचें नांव निघालें कीं दोन घराणीं आठवतात, आणि दोन्ही आठवणी बोचणाऱ्या आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरास असतांना वेदवाङ्मयाच्या व्यासंगांत होते. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे तेथें ते अडखळले, आणि १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओंवळ्याच्या कडक संस्कारांतल्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलें. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांच्या घरीं आहे त्यांस तो ताटातुटीचा काळ सांगावयास नको. आम्हांस त्यांतील एकच गोष्ट येथें महत्त्वाची वाटते. त्या नवराबायकोचा संसार पुन्हां एक झाला तो दोघांचा धर्म एक होण्यापूर्वीं. आधीं मनें जुळलीं, पुढें १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं आपल्या विचारानें निर्णय घेतला. धर्म एक झाल्यावांचून शांति नांदत नाहीं, असें मानणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा.

दुसरें नांव पंडिता रमाबाईंचें. आमच्या आजोळीं तें घेण्याची चोरी होती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या आईजवळ संस्कृत शिकली, भागवत मुखोद्गत करून आईबापांबरोबर गांवोगांव पुराण सांगत हिंडली, दुष्काळांत अनाथ झाली, आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या पावली. १८८२ मध्यें वैधव्य आलें. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथेंहि, वडीलधारे सांगतात म्हणून मानावें, ही गोष्ट त्यांस पटली नाहीं. ग्रंथ स्वतः वाचून जें पटेल तेंच त्या मानीत. १८९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून मुली आणून केडगांवास आश्रय दिला. आमच्या वऱ्हाडाशींहि त्यांचा धागा आहे: अकोल्याच्या मिशनमध्यें काम केलेल्या जेनी फुलर यांनीं हिंदी स्त्रियांच्या हालांवर लिहिलेलें पुस्तक १९०० सालीं निघालें, त्यास प्रस्तावना रमाबाईंची होती.

याच बाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं खिळे जुळविले आणि छापखाना चालविला. काम तडीस नेऊन १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या, आणि १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. या भाषांतराविषयींची एक गोष्ट आमच्यासारख्या संस्कृताच्या अभिमान्यास प्रथम झोंबली. जिनें आयुष्यभर संस्कृत वाहिलें तिनेंच संस्कृत शब्द शक्य तितके बाजूस ठेवले! नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यांतील बाईसहि कळावें, आणि आमच्या दर्शनांतील अर्थ बरोबर घेऊन येणारे शब्द वाचणारास भलतीकडे नेऊं नयेत, हे त्यांचे दोन हेतु होते. मोठा शब्द कानास गोड लागतो, आणि त्या गोडींत अर्थ निसटतो, हें त्या पुराणिकाच्या मुलीस पुरेपूर ठाऊक असलें पाहिजे.

त्यांच्या या दक्षतेमुळेंच आम्हांस एक शब्द तपासून पाहण्याची बुद्धि झाली. तो शब्द ‘शांति’. प्रत्येक पाठाच्या शेवटीं आपण तो तीनदां उच्चारतों. त्याचा धातु ‘शम्’. त्याचा अर्थ निवणें, विझणें, थांबणें. दिवा शांत होतो, ज्वर शांत होतो, आणि मनुष्य गेला तरी आपण तो शांत झाला म्हणतों. हिब्रू आम्हांस येत नाहीं. परंतु कोश उघडण्याची संवय जन्माची, म्हणून सहशिक्षकांकडील कोश मागून आणला. तेथील शब्द ‘शालोम’. त्याच्या धातूचा मूळ अर्थ पुरें होणें, अखंड असणें. आणि त्याच धातूचें दुसरें रूप देणें फेडणें, भरपाई करणें, या अर्थीं येतें. निर्गम नांवाच्या पुस्तकांत एक नियम आहे: कोणाचें जनावर दुसऱ्याच्या शेतांत चरलें, तर त्यानें आपल्या शेतांतील उत्तम पिकांतून भरपाई करावी. तेथें भरपाईसाठीं जें क्रियापद आहे तें याच धातूचें. दोन शब्दांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्या शास्त्रकारांची शांति अंतःकरणाची आहे, आणि तिची उंची कोणी नाकारूं शकत नाहीं. पण व्यवहारांत आपण त्या शब्दाचा अर्थ किती स्वस्त करून टाकला आहे, हें त्या परक्या शब्दाशेजारीं ठेवल्यावर दिसलें. गलबला नाहीं म्हणजे शांति, असें आपण समजतों. हिब्रू शब्द म्हणतो, देणें फिटल्यावांचून शांति नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें आमच्याच घरचें आहे, आणि तें सांगणें सोपें नाहीं.

आमचे वडील वारले तेव्हां धाकटे बंधु नोकरीनिमित्त नागपुरास होते. आईवडिलांचीं दुखणीं आम्हीं व आमच्या कुटुंबानें काढलीं, शेत आम्हींच पाहिलें. वाटणी झाली तेव्हां एकर सारखे केले: आठ आम्हांस, आठ त्यांस. कागदावर अन्याय कोठेंच नव्हता. फक्त नाल्याकांठची खोल, भुसभुशीत जमीन आमच्याकडे राहिली, आणि पलीकडचा तुकडा, ज्यास पूर्वीं एकदां विहिरीचें पाणी देऊन वडिलांनीं पस्तावा केला होता तो, बंधूंच्या नांवें गेला. त्यांनीं लहानपणींच गांव सोडलें. त्यांस जमिनीची पारख नव्हती. आम्हांस होती. दोन हंगाम पेरणी वायां गेल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें. मग धुऱ्यावरून कज्जा झाला, तारखा पडूं लागल्या, आणि ते निवृत्त होऊन गांवीं परत आल्यावर वाड्याच्या चौकांतून भिंत उभी राहिली.

अकरा वर्षें आम्हीं भाऊ एकमेकांशीं बोललों नाहीं. पण या अकरा वर्षांत आमच्या वाड्यांतून कोणीं चढा आवाज ऐकला नाहीं. बायकांचीं भांडणें नाहींत, मुलांची मारामारी नाहीं. शेजारी म्हणत, “गुरुजी, तुमच्याकडे बाकी फार शांत!” आणि तें ऐकून आम्हांस बरें वाटे. दर दिवाळीस भिंतीच्या आमच्या बाजूस आम्ही चुना देत असूं, पलीकडच्या बाजूस ते देत. यहेज्केल नांवाच्या जुन्या भविष्यवाद्याच्या पुस्तकांत, शांति नसतांना ‘शांति आहे’ असें सांगणाऱ्यांस कच्च्या भिंतीस चुना फासणारे म्हटलें आहे. तें वाचलें त्या दिवशीं आम्हीं पुन्हां एकदां पुस्तक मिटलें. पण या वेळीं कारण निराळें होतें.

डोंगरावरील प्रवचनांत एक लहानसें स्थळ आहे. त्याचा आशय असा: तूं वेदीपाशीं दान घेऊन आलास, आणि तेथें तुला आठवलें कीं आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे, तर दान तेथेंच ठेव, आधीं जाऊन भावाशीं समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. आम्हीं आयुष्यभर मुलांस कर्ता, कर्म, विभक्ति शिकविल्या. म्हणून हें वाक्य सोडवून पाहिलें. तक्रार कोणाची? आमची नव्हे, भावाची. ‘तुझी तक्रार असेल तर क्षमा कर’ असें येथें म्हटलेलें नाहीं. तें अन्यत्र आहे, आणि तें करणें तुलनेनें सोपें, कारण क्षमा करणारा उंचावर उभा असतो. येथें म्हटलें आहे, त्याची तक्रार असेल तर तूं ऊठ. ती खरी कीं खोटी, न्यायालयांत टिकेल कीं नाहीं, याचा वाक्यांत उल्लेखच नाहीं. ज्यास आठवलें त्यानें उठावें.

त्या भाद्रपदांत वडिलांची तिथि आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंस एकाच तिथीस एकाच पित्याचें श्राद्ध होत असे. दोन घरीं दोन ब्राह्मण, दोन पानें, आणि एकच नांव व गोत्र दोन्हीकडे उच्चारलें जाई. बोटांत पवित्रक घालून बसलों, आणि नामोच्चाराच्या वेळीं आवाज निघेना. ज्या पित्यास बोलावीत होतों त्याच्याच एका मुलास आम्हीं चोपण जमीन दिली होती. आम्हीं पवित्रक काढून पाटावर ठेवलें आणि उठलों. कुटुंबानें विचारलें, “अहो, कुठं निघालात? गुरुजी बसले आहेत.” आम्ही “आलोंच” एवढेंच म्हणालों. भिंतीस दार नव्हतें, म्हणून रस्त्यावरून वळसा घालावा लागला. सोवळ्यानें रस्त्यावर आलों, सोवळें मोडलें.

बंधूंकडेहि श्राद्धाचाच स्वयंपाक चालला होता. आम्हांस तशा वेषांत दारांत पाहून त्यांचा चेहरा उतरला. “दादा, काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?” अकरा वर्षांनंतरचें हें पहिलें वाक्य. त्यांत शेत नव्हतें, कज्जा नव्हता. आम्हीं वाटेंत कांहीं शब्द जुळविले होते, ते सर्व विसरलों. म्हणालों, “नाल्याकाठची जमीन चांगली आहे हे मला माहीत होतं. वाटणीच्या दिवशी माहीत होतं.” ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “आधी आत या. उन्हात उभे आहात.” आमच्या धाकट्या भावजयीनें पाणी आणून ठेवलें. पाणी पिऊन आम्ही परत आलों, पुन्हां स्नान केलें आणि राहिलेलें श्राद्ध पुरें केलें. गुरुजींस त्या दिवशीं जेवावयास तीन वाजले. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं.

यापुढें सर्व गोड झालें असें लिहिलें तर तें खोटें होईल. त्या हिंवाळ्यांत मोजणी करून नाल्याकांठची निम्मी जमीन बंधूंच्या नांवें केली आणि चोपणाचा निम्मा भाग आमच्याकडे घेतला. कज्जा काढून घेतला. आमच्या चिरंजीवांस हें रुचलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, चूक आमची असेल, पण तिची किंमत नातवंडांच्या वांट्यांतून कां द्यावी? महिनाभर ते आमच्याशीं तुटकच वागले, आणि आजहि त्यांस पूर्ण पटलें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशीं एवढेंच उत्तर आहे कीं, देणें फेडल्यावर घर लहान होतें, पण तें आपलें होतें. भिंत अद्याप उभी आहे. दोन्हीकडचे संसार आतां आपापल्या सोयीनें बसले आहेत, आणि ती पाडण्याचा आग्रह कोणीं धरला नाहीं. मात्र तिच्यांत एक दार पाडलें आहे. पुढच्या वर्षापासून वडिलांचें पान एकच वाढलें जातें.

कोणी म्हणेल, यासाठीं परक्याचा ग्रंथ कशास हवा होता? गीतेच्या बाराव्या अध्यायांत भक्ताचीं लक्षणें सांगतांना पहिलें लक्षण अद्वेषाचेंच सांगितलें आहे. हा आक्षेप योग्य आहे, आणि आम्हीं तो स्वतःस विचारला. तो अध्याय आम्हांस वयाच्या दहाव्या वर्षापासून पाठ आहे, आणि त्या अकरा वर्षांतहि आम्ही तो रोज म्हणत होतों. हाच तर घोटाळा! जें पाठ असतें तें जिभेवरून सरकतें. मन त्यास अडवीत नाहीं. परक्या घरचें वाक्य अनोळखी पाहुण्यासारखें दारांत उभें राहतें, आणि त्यास ‘कोण? काय काम?’ असें विचारावेंच लागतें. तें विचारून झाल्यावर आम्ही आपल्या बाराव्या अध्यायाकडे परत आलों, तेव्हां तो आम्हांस प्रथमच ऐकूं आला. दुसऱ्याचा ग्रंथ वाचल्यानें आपली श्रद्धा पातळ होते, ही भीति आमच्या अनुभवास तरी उतरली नाहीं.

आणि असें करणारे आम्ही पहिले नव्हे. गांधीजींनीं विद्यार्थिदशेंत लंडनास नवा करार वाचला. डोंगरावरील प्रवचन त्यांच्या हृदयास जाऊन भिडलें, आणि त्यांनीं तें गीतेच्या शेजारीं ठेवलें. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. सेवाग्रामीं त्यांनीं परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित संस्कृत पंडितांस आश्रय दिला आणि स्वतःच्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. विनोबांनीं जसा कुराणाचा सार काढला तसा ख्रिस्ती धर्माचाहि काढला. आणि ज्यांनीं असला कोणताच ग्रंथ वाचला नव्हता ते आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा पाहा. शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेला हा परीट हातांत खराटा घेऊन गांवोगांव हेंच सांगत फिरला कीं, भुकेल्यास अन्न द्या, तहानेल्यास पाणी द्या, उघड्यास वस्त्र द्या, देव तेथेंच आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत अखेरच्या न्यायाच्या दिवशीं राजा ज्या गोष्टींवरून निवाडा करणार आहे त्या जवळ जवळ याच आहेत. यांत कोणीं कोणाचें उसनें घेतलें नाहीं. खऱ्या विहिरींचे झरे खालीं कोठें तरी मिळालेले असतात, इतकेंच.

आजच्या काळीं धर्मांविषयीं बोलणें फार झालें आहे. सभांतून, वर्तमानपत्रांतून, आणि आतां प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांतूनहि त्यावर अहोरात्र वाद चालतो. कोणाचा ग्रंथ थोर, कोणीं कोणावर कोणत्या शतकांत अन्याय केला, याचे हिशेब मांडले जातात. त्यांतील कांहीं हिशेब खरेहि आहेत, आणि ते विसरावे असें आम्ही म्हणत नाहीं. गोव्याची गोष्ट आम्हींच वर सांगितली आहे. पण हे हिशेब मांडणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडील येणें लिहितो. आपलें देणें लिहिणारा विरळा. ख्रिस्ती लोकांच्या या जुन्या ग्रंथाचा आजच्या शांतीस कांहीं उपयोग असेल तर तो या एका ठिकाणीं आहे, असें आमचें नम्र मत आहे. तो येण्याची वही मिटावयास लावतो आणि देण्याची उघडावयास लावतो. त्याचा उपदेश प्रथम त्याच्या अनुयायांनींच मोडला, हें खरें. पण वैद्याच्या घरीं रोगी निघाला म्हणून औषध खोटें ठरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक एकत्र कुटुंबांत राहणारे, किंवा एकत्र कुटुंब नुकतेंच विभक्त झालेले आहेत. कोठें बहिणीचा हक्क ‘सोडून दिला’ या नांवाखालीं लिहून घेतलेला असतो, कोठें विधवा काकूच्या दागिन्यांविषयीं कोणी बोलत नाहीं, कोठें दोन जावांत तीन दिवाळ्या निघून गेलेल्या असतात. आणि बाहेरून घर शांत दिसतें. त्यांस परका ग्रंथ वाचाच असा आमचा आग्रह नाहीं. ज्यांस जी पूजा घरीं चालत आली आहे तीच त्यांनीं करावी. फक्त पुढल्या वेळीं पाटावर बसतांना, हातांत पळी घेण्यापूर्वीं, क्षणभर थांबून आठवावें कीं घरांत किंवा घराबाहेर आपल्याविरुद्ध कोणाच्या मनांत कांहीं आहे काय. कोणी आठवलें नाहीं तर उत्तमच. पूजा निर्वेध होईल. आठवलें, तर देव थांबतो. तेवढी सवड तो देतो, असा आमचा अनुभव आहे.